ज्यू समुदाय-भागीदारी, इझ्राएलमधील

इझ्राएलबाहेर विखुरलेल्या ज्यू समुदायांनी इझ्राएलमधील एखाद्या ठरावीक शहराशी, वस्तीशी किंवा प्रादेशिक परिषदेशी जोडलेले दीर्घ मुदतीचे संस्थात्मक नाते. यात आर्थिक साहाय्य असते, परंतु केवळ साहाय्य म्हणजे भागीदारी नव्हे. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून कार्यक्रम ठरविणे आणि दोन्हीकडील सामान्य माणसांनी एकमेकांच्या घरी जाऊन राहणे, ही तिची दोन प्रमुख लक्षणे होत. शहराशहरांमधील जे जोडनाते महायुद्धोत्तर यूरोपात रूढ झाले, ते नगरपालिकांमधील असते. येथे मात्र एका बाजूस इझ्राएलमधील स्थानिक शासनसंस्था, तर दुसऱ्या बाजूस ज्यू समुदायाची स्वेच्छासंस्था असते. ह्या विषमतेमुळेच ह्या संबंधाचा इतिहास काहीसा गुंतागुंतीचा झाला आहे. पैसा देणारा कोण, घेणारा कोण आणि निर्णय कोणाचा, हा त्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

इझ्राएलबाहेरील ज्यू वस्तीला ‘डायास्पोरा’ (मूळ ग्रीक अर्थ : पांगापांग) असे म्हणतात. हिब्रूत त्यासाठी दोन शब्द आहेत : ‘गालुत’ म्हणजे वनवास आणि ‘तेफुत्सोत’ म्हणजे विखुरलेली वस्ती. पहिल्या शब्दात शिक्षेची छटा आहे, दुसऱ्यात नाही. न्यूयॉर्क वा लंडन येथे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहणाऱ्या ज्यूंना पहिला शब्द पटत नाही, तर झायोनिस्ट विचारवंतांना बराच काळ दुसरा पुरेसा वाटत नसे. भागीदारीच्या बैठकांतून आजही जे गैरसमज उद्‌भवतात, त्यांपैकी काहींचे मूळ ह्या शब्दभेदात आहे.

पूर्वेतिहास : ऑटोमन अमदानीत जेरूसलेम, हेब्रन, सफाद व टायबेरियस ही ज्यूंची चार पवित्र नगरे मानली जात. तेथील ज्यूंपैकी बरेचसे धर्माध्ययनात आयुष्य घालवीत व त्यांचा उदरनिर्वाह परदेशांतून येणाऱ्या दानावर चाले. ह्या दानवाटपाच्या पद्धतीस ‘हलुक्का’ (वाटप) असे नाव होते. एकोणिसाव्या शतकात देणाऱ्या देशांनुसार जेरूसलेममधील रहिवाशांचे ‘कोलेल’ नावाचे गट पडले. हॉलंड व जर्मनीतून येणारा पैसा तेथून आलेल्यांनाच, हंगेरीचा पैसा हंगेरियनांनाच, अशी ही व्यवस्था होती. दूरच्या एका समुदायाने पवित्र भूमीतील एका विशिष्ट गटाची जबाबदारी घ्यावी, ही कल्पना त्यामुळे आधुनिक भागीदारीहून बरीच जुनी ठरते. ह्या पद्धतीने अनेक कुटुंबे जगविली. पण वाटपावरून गटागटांत कटू भांडणेही झाली आणि तिच्यामुळे परावलंबन वाढते, अशी टीका खुद्द ज्यू सुधारकांनी केली.

निधी गोळा करण्यासाठी पवित्र नगरांतून दूत पाठविण्याची प्रथा होती. जेरूसलेमच्या हुर्वा सिनॅगॉगच्या बांधकामासाठी निघालेला याकोब सफिर हा अशा दूतांपैकी विशेष प्रसिद्ध होय. १८५९ च्या सुमारास तो येमेन, भारत व ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि परतल्यावर त्याने आपल्या प्रवासाचा हिब्रू वृत्तांत लिहिला. त्याच्यासारख्यांचे महत्त्व केवळ त्यांनी नेलेल्या रकमेत नव्हते. दूरदूरच्या समुदायांना एकमेकांची वार्ता कळविणारे तेच एक साधन होते.

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचा व्यापारी ज्यूडा टूरो (१७७५–१८५४) याने मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या रकमेतून ब्रिटिश दानशूर मोझेस माँटिफ्योरी (१७८४–१८८५) याने १८६० मध्ये जेरूसलेमच्या तटाबाहेर ‘मिश्केनोत शाननिम’ ही पहिली ज्यू वस्ती उभारली. घरे चांगली होती. पण तटाबाहेर झोपण्याचे भय वाटून सुरुवातीला काही रहिवासी रात्री पुन्हा तटाच्या आत जात. देणाऱ्याला जे हितकर वाटते, ते घेणाऱ्याला लगेच हवेसे वाटतेच असे नाही, याचे हे साधे उदाहरण म्हणता येईल. याहून तीव्र अनुभव फ्रेंच बॅरन एदमाँ द रॉथ्सचाइल्ड (१८४५–१९३४) याच्या वसाहतींत आला. १८८२ नंतर त्याने रिशोन लेत्झियोन, झिखरोन याकोव्ह, रोश पिना इ. नव्या शेतकरी वसाहतींना बुडण्यापासून वाचविले. परंतु पिके, खर्च व वागणूक यांवर त्याच्या कारभाऱ्यांचा इतका अंमल असे, की १८८७ मध्ये रिशोन लेत्झियोनच्या वसाहतकऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध उघड बंड केले. १९०० मध्ये रॉथ्सचाइल्डने वसाहतींचा कारभार ज्यू वसाहत संघटनेकडे सोपविला.

पुढील काळात देणगीचे स्वरूप अधिकाधिक केंद्रित होत गेले. ज्यू राष्ट्रीय निधी (१९०१), केरेन हायेसोद (१९२०), ज्यू एजन्सी (१९२९) आणि अमेरिकेतील युनायटेड ज्यूइश अपील (१९३९) ह्या संस्थांमार्फत जमा झालेला पैसा एकाच ओघाने जाई. घराघरांतून ठेवलेली राष्ट्रीय निधीची निळी पेटी हे ह्या काळाचे प्रतीक होय. १९४८ च्या आरंभी गोल्डा मेयर (१८९८–१९७८) यांनी अमेरिकेचा दौरा करून सु. पाच कोटी डॉलर जमविले, ते ह्याच व्यवस्थेच्या बळावर. राष्ट्रनिर्मितीच्या घाईत हे केंद्रीकरण अपरिहार्य होते. मात्र क्लीव्हलंडच्या देणगीदाराला आपल्या पैशातून कोणत्या गावी काय उभे राहिले हे कळत नसे आणि त्या गावच्या रहिवाशाला तो देणगीदार कोण, हे ठाऊक नसे.

राज्यस्थापनेनंतर ह्या संबंधाच्या राजकीय मर्यादा आखून घेणे भाग पडले. २३ ऑगस्ट १९५० रोजी पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरिअन (१८८६–१९७३) आणि अमेरिकन ज्यूइश कमिटीचे अध्यक्ष जेकब ब्लाउस्टाइन (१८९२–१९७०) यांच्यात झालेल्या समझोत्यात, अमेरिकेतील ज्यूंची राजकीय निष्ठा केवळ अमेरिकेशी आहे आणि इझ्राएल फक्त आपल्या नागरिकांच्या वतीने बोलते, ही गोष्ट स्पष्ट करण्यात आली. दोन्ही बाजूंना जवळीक हवी होती. पण एकाने दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करावी, हे कोणासच नको होते.

वस्ती-पुनर्वसन योजना : स्थानिक पातळीवरील जोडनात्यास खरा आरंभ १९७७ नंतर झाला. १९५० च्या दशकात मोरोक्को, इराक, येमेन, रूमानिया, भारत इ. देशांतून आलेल्या ज्यूंना सरकारने सीमावर्ती व वाळवंटी भागांतील ‘विकास नगरां’त वसविले. किर्यात श्मोना, येरुहाम, दिमोना, ओफाकिम, बेत शेमेश ही अशा नगरांची काही उदाहरणे. घाईने बांधलेली घरे, मोजक्या कारखान्यांवर अवलंबून असलेला रोजगार व दुय्यम दर्जाच्या शाळा यांमुळे ह्या नगरांत आणि मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांत असंतोष साचत गेला. १९५९ मध्ये हैफातील वाडी सालिब येथे दंगली झाल्या आणि १९७१ मध्ये जेरूसलेमच्या मुसरारा वस्तीतील तरुणांनी ‘ब्लॅक पँथर्स’ ही निषेध चळवळ सुरू केली. ह्या वर्गाच्या पाठिंब्याने १९७७ मध्ये सत्तेवर आलेले पंतप्रधान मेनाखेम बेगिन (१९१३–९२) यांनी अशा वस्त्यांच्या पुनर्वसनाची योजना जाहीर केली. हिब्रूत तिला ‘शिकुम श्खुनोत’ असे नाव आहे.

योजनेचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक निवडलेल्या वस्तीला परदेशातील एक ज्यू समुदाय जोडून देण्यात आला. ब्रिटनमधील ज्यूंना अ‍ॅश्कलॉन, तर सॅन फ्रॅन्सिस्कोला किर्यात श्मोना देण्यात आले. स्थूलमानाने घरदुरुस्तीचा भार सरकारने आणि बालवाड्या, समाजकेंद्रे, वृद्धांची सोय, प्रौढशिक्षण इ. सामाजिक कामांचा भार परदेशस्थ समुदायाने उचलावा, अशी विभागणी होती. प्रत्येक ठिकाणी सुकाणू समिती नेमण्यात आली आणि तीत रहिवाशांना निम्म्याच्या आसपास जागा देण्याचे धोरण होते. त्या काळाच्या इझ्राएली प्रशासनात ही नवलाची गोष्ट होती. स्थलांतरितांनी काय करावे हे तोवर अधिकारी ठरवीत. आता बेरोजगार कामगार व गृहिणी यांनाही अंदाजपत्रकावर बोलावे लागले. परदेशातून आलेल्या देणगीदारांनी त्यांचे म्हणणे ऐकावे लागे आणि आपला निधी वस्तीबाहेर वळविला जात नाही ना, हे पाहण्याचा हट्टही तेच धरीत. नोकरशाहीविरुद्ध रहिवासी व परदेशस्थ पाहुणे एकाच बाजूला उभे राहिल्याचे प्रसंग त्यामुळे घडले. ह्या योजनेने दारिद्र्य हटविले नाही. रोजगार आणि शिक्षणातील मूळ विषमता तशीच राहिली. तिची खरी मिळकत म्हणजे तिने घडविलेले स्थानिक कार्यकर्ते. त्यांतील काही पुढे नगर-राजकारणात आले.

भागीदारी २००० : १९९० च्या दशकाच्या आरंभी दोन्ही बाजूंची परिस्थिती पालटली. एकीकडे सोव्हिएट संघराज्यातून लाखो ज्यू इझ्राएलमध्ये येत होते, मे १९९१ मध्ये सु. छत्तीस तासांत चौदा हजारांवर इथिओपियन ज्यूंना विमानाने आणण्यात आले आणि त्याच वेळी देशाची अर्थव्यवस्था झपाट्याने सुधारत होती. दुसरीकडे १९९० च्या अमेरिकन ज्यू लोकसंख्या-पाहणीत लगतच्या वर्षांतील विवाहांपैकी निम्म्याहून अधिक विवाह आंतरधर्मीय असल्याचे दिसले. पुढे हा आकडा खाली आणण्यात आला. तरीही त्याने उडविलेली खळबळ टिकली. आपली पुढची पिढी ज्यू राहील काय, ही चिंता आता अमेरिकेची होती. ह्याच सुमारास, जानेवारी १९९४ मध्ये, उपपरराष्ट्रमंत्री योस्सी बेइलिन (१९४८– ) यांनी झायोनिस्ट महिला संघटनेच्या प्रतिनिधींपुढे इझ्राएलला आता भिक्षेची गरज राहिलेली नाही, अशा आशयाचे भाषण केले. निधिसंकलनात आयुष्य घालविलेल्या श्रोत्यांना ते फार लागले आणि स्वपक्षातही त्यावर टीका झाली. तथापि त्यांचा मुद्दा खोडून काढणे कठीण होते. देणाऱ्याला आता काही घ्यावयाचे होते आणि घेणाऱ्याला काही देता येण्यासारखे होते.

१९९४-९५ मध्ये ज्यू एजन्सीने युनायटेड ज्यूइश अपील व केरेन हायेसोद यांच्या सहकार्याने ‘भागीदारी २०००’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यामागे हीच जाणीव होती. नावातील वर्ष उलटून गेल्यावर त्याचे नामांतर ‘भागीदारी एकत्र’ अशा अर्थाच्या नावात झाले. ज्यू एजन्सीच्या सांगण्यानुसार अशा भागीदाऱ्या चाळिसांहून अधिक असून त्यांत जगभरचे शेकडो समुदाय आले आहेत. वस्तीऐवजी आता संपूर्ण प्रदेश हे एकक धरण्यात आले आणि बहुधा एका नगराबरोबर त्याच्या लगतची ग्रामीण परिषदही घेण्यात आली. पिट्सबर्गला कार्मिएल व मिसगाव्ह, क्लीव्हलंडला बेत शेआन व लगतचे खोरे, शिकागोला किर्यात गात व लाखिश परिसर, फिलाडेल्फियाला नेतिव्होत, माँट्रिऑलला बेर शेवा, मायामीला येरुहाम, सॅन डिएगोला शार हानेगेव्ह ही काही उदाहरणे. नगरातील स्थलांतरित कामगार आणि शेजारच्या किबुत्झमधील सुस्थित शेतकरी यांचे आपसांत फारसे जमत नसे. परक्या पाहुण्यांच्या निमित्ताने त्यांना एका टेबलाशी बसावे लागले, हा ह्या रचनेचा एक अनपेक्षित लाभ होय. ज्यांना एकट्याने हे पेलवत नाही, असे मध्यम आकाराचे अमेरिकन समुदाय संघ करून सामील झाले. आक्को व पश्चिम गॅलिली यांच्याशी जोडलेल्या संघात पुढे बूडापेस्टचाही समावेश झाला. बॉस्टन-हैफा आणि बॉल्टिमोर-अ‍ॅश्कलॉन या जोड्यांच्या अमेरिकन समुदायांनी युक्रेनमधील अनुक्रमे द्नीप्रो व ओडेसा येथील ज्यूंशीही नाते जोडले असल्याने तेथे त्रिकोण तयार झाला.

कामाची पद्धत सर्वत्र सारखी नाही. साधारणपणे दोन्हीकडे एकेक समिती, इझ्राएलमध्ये एक पगारी समन्वयक, शिक्षण, संस्कृती, आरोग्य अशा उपसमित्या आणि वर्षातून एकदा संयुक्त बैठक, असा साचा आढळतो. निधी मुख्यत्वे अमेरिकन समुदायाच्या फेडरेशनकडून, म्हणजे स्थानिक देणग्या गोळा करून वाटणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडून, येतो. शाळांच्या जोड्या हा सर्वांत पसरलेला उपक्रम आहे. तेल अव्हीव्ह आणि लॉस अँजेल्स यांच्यातील अशा शाळाजोड्या १९९७ पासून चालत आल्या आहेत. दोन्हीकडील विद्यार्थी एकच पाठ वर्षभर शिकतात, पत्रव्यवहार करतात व नंतर एकमेकांच्या घरी काही दिवस राहतात. पश्चिम गॅलिलीत अमेरिकन डॉक्टर नाहारिया येथील रुग्णालयात येऊन आणीबाणीच्या वैद्यकसेवेचे प्रशिक्षण घेतात. युद्धप्रसंगी मदतीस येता यावे, हा त्यामागील हेतू. कलावंत, शिक्षक, अग्निशामक दलाचे जवान यांच्या भेटीही होतात. ह्या सर्वांस हिब्रूत ‘गेशेर हाय’, म्हणजे जिवंत पूल, असे म्हणतात.

घरी राहण्याच्या ह्या भेटी हाच ह्या व्यवस्थेचा गाभा मानावा लागेल. आपण ज्यू आहोत याचा इझ्राएली तरुणाला सहसा विचार करावा लागत नाही. सण सार्वजनिक असतात, भाषा हिब्रू असते. तोच तरुण पिट्सबर्गला गेला, की ज्यू राहण्यासाठी माणसे वर्गणी भरतात, रविवारी मुलांना शाळेत पाठवितात, हे पाहून चकित होतो. स्त्री रब्बीने चालविलेली प्रार्थना तो बहुधा प्रथमच पाहतो. अमेरिकन विद्यार्थ्याला उलट कळते, की इझ्राएल म्हणजे केवळ वर्तमानपत्रातील युद्ध नव्हे. तेथे भाडे, परीक्षा आणि लष्करी सेवेची धास्तीही असते.

मर्यादा : समतेची भाषा असली तरी तराजू समतोल नाही. अंदाजपत्रक ज्याचे, त्याचा शब्द समितीत जड पडतो. बैठका बहुतेक इंग्रजीत होतात. त्यामुळे ज्यांच्यासाठी विकास नगरांत ही योजना आणली, त्या रशियन, मोरोक्कन वा इथिओपियन कुटुंबांऐवजी इंग्रजी जाणणारे शिक्षक व अधिकारी पुढे येतात. गॅलिली व नेगेव्हमधील अरब नागरिक ह्याच प्रदेशांत राहतात. काही भागीदाऱ्यांनी ज्यू-अरब सहजीवनाचे उपक्रम हाती घेतले असले, तरी ‘ज्यू समाजांमधील पूल’ अशी व्याख्या असलेल्या रचनेत त्यांचे स्थान संदिग्धच राहते. धर्मविषयक वादही वारंवार डोके वर काढतो. जेरूसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी स्त्रीपुरुषांच्या एकत्र प्रार्थनेसाठी जागा देण्याचा जानेवारी २०१६ मधील निर्णय सरकारने जून २०१७ मध्ये गोठविला, तेव्हा अमेरिकन फेडरेशनांनी उघड नाराजी व्यक्त केली. २०१८ च्या राष्ट्रराज्य कायद्यात डायास्पोरातील ज्यूंशी आपुलकी दृढ करण्यासाठी राज्याने डायास्पोरात प्रयत्न करावेत, असे कलम आहे. इझ्राएलने स्वतः त्यांच्याकडून काही शिकावे किंवा त्यांच्या पंथांना देशात स्थान द्यावे, असे त्यात नाही, ही टीकाकारांची तक्रार रास्त आहे. नगर पातळीवरील भागीदाऱ्या अशा वादांपासून दूर राहण्याचा प्रयत्न करतात. त्यांचे टिकून राहणे काही अंशी ह्या मौनामुळे आहे.

लोकसंख्येनेही नात्याचा तोल बदलला आहे. १९४८ मध्ये जगातील ज्यूंपैकी सु. ६ टक्के इझ्राएलमध्ये होते, आता सु. ४५ टक्के आहेत. साहाय्याचा ओघ उलट दिशेने वाहिल्याचीही उदाहरणे घडली. २०१७ मध्ये ह्यूस्टन येथे हार्व्ही चक्रीवादळाने ज्यू संस्थांची हानी झाली, तेव्हा इझ्राएल सरकारने दहा लाख डॉलरची मदत जाहीर केली. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या सिनॅगॉगमध्ये झालेल्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडल्यानंतर मानसिक आघातावर उपचार करणारे इझ्राएली तज्ञ तेथे गेले. क्षेपणास्त्रांच्या माऱ्याखालील नागरिकांसाठी मिळविलेले ज्ञान येथे दानरूप झाले.

तरी संकटकाळी ओघ मुख्यतः जुन्याच दिशेने वाहतो. २००६ च्या लेबानन युद्धात हैफा, आक्को व किर्यात श्मोना यांवर रॉकेटे पडली, तेव्हा त्यांच्या भागीदार समुदायांना ही नावे नकाशातील नव्हती. कोणाच्या घरी आपण उतरलो होतो, ते त्यांना आठवत होते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सॅन डिएगोच्या भागीदार प्रदेशाचा, शार हानेगेव्हचा, परिषद-अध्यक्ष ओफिर लिब्स्टाइन मारला गेला आणि त्यातील क्फार अझा ह्या किबुत्झचा मोठा भाग उद्‌ध्वस्त झाला. त्याच महिन्यात उत्तरेकडील किर्यात श्मोना रिकामे करण्यात आले. विस्थापितांसाठी निधी आला. पण भागीदारीतून उभ्या राहिलेल्या शाळा व समाजकेंद्रे बंद पडली असताना ‘समुदाय’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न नव्याने निर्माण झाला. कारण त्यांचे रहिवासी देशभरातील हॉटेलांत व इतर तात्पुरत्या निवाऱ्यांत विखुरले होते.

भारतीय ज्यू : ह्या व्यवस्थेत महाराष्ट्रातून गेलेले ज्यू बहुधा देणाऱ्या नव्हे, तर इझ्राएली बाजूस आढळतात. कोकणात तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इझ्राएल [→ बेने इझ्राएल] १९४८ नंतर मोठ्या संख्येने इझ्राएलला गेले आणि त्यांतील अनेकांना बेर शेवा, दिमोना, येरुहाम, अ‍ॅश्डॉड, लोद येथे वसविण्यात आले. आरंभीचा अनुभव सुखाचा नव्हता. भेदभावाविरुद्ध एका गटाने ज्यू एजन्सीच्या कार्यालयापुढे धरणे धरले आणि १९५२ मध्ये तो भारतात परतला. पुढे त्यांच्या विवाहांच्या वैधतेबद्दल रब्बीमंडळाने शंका घेतल्याने तीव्र आंदोलन झाले. १९६४ मध्ये सरकारने ते सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे स्पष्ट केल्यावर प्रकरण निवळले. एकाच लोकसमूहातील भागीदारीची भाषा करताना त्या समूहात कोण मोडतो याविषयीचा वाद किती अलीकडचा आहे, हे यावरून ध्यानात येते.

भारतात उरलेली ज्यू वस्ती मुख्यतः मुंबई व ठाणे परिसरात असून तिची संख्या काही हजारांवर आली आहे. येथील संबंध समित्यांपेक्षा नातेवाइकांच्या येण्याजाण्याने टिकून आहेत : इझ्राएलमधून आलेली कुटुंबे अलिबागजवळील खंडाळे येथे प्रेषित एलियाहूच्या स्थानाचे दर्शन घेतात, मलिदा करतात आणि पूर्वजांच्या गावची सिनॅगॉग पाहतात. दिमोनात भारतीय वस्ती इतकी मोठी आहे, की त्या नगरास ‘छोटा भारत’ असे संबोधले जाते आणि मराठीतून ‘मायबोली’ हे नियतकालिकही इझ्राएलमध्ये निघत आले आहे. येरुहामच्या ज्या समाजकेंद्राशी मायामीचे पाहुणे जोडले गेले, त्या नगरातील काही घरांत अजूनही आजीआजोबा मराठी बोलतात. पाहुण्यांशी ते हिब्रूत बोलतात आणि समन्वयक ते इंग्रजीत सांगतो.